गुरुवारचा जुन

सियोपाव उताणा करून खाणारा माणूस जगात आपण एकटेच उरलो आहोत, अशी जुनची एकोणीस वर्षं पक्की समजूत होती. त्या समजुतीत दुःख होतं, पण थोडी ऐटही होती. म्हणून त्या शनिवारी दुपारी 'हाप हिंग' या चिनी खानावळीत, पंख्याखालच्या नेहमीच्या टेबलावर बसून मामीच्या पहिल्या चमच्यावर फुंकर घालताना, समोर भिंतीशी बसलेल्या एका जाड्या माणसाने आपला सियोपाव उचलून उताणा केलेला त्याने पाहिला, तेव्हा फुंकर तोंडातच राहिली. मामी म्हणजे कोंबडीच्या कढणातल्या शेवया. त्या थंड झाल्या की दोऱ्यांसारख्या लागतात, आणि जुनने त्या आयुष्यात कधी थंड होऊ दिल्या नव्हत्या. आज त्याचा चमचा हवेत होता आणि डोळे समोर. जाड्याने त्या वाफाळत्या, आत खिमा भरलेल्या पांढऱ्या पावाच्या बुडाचा कागद सोलला. इतर लोक तो चुरगाळून टाकतात, याने वाडग्याच्या काठाला चिकटवून ठेवला. मग चमच्याच्या दांड्याने बुडाच्या बरोबर मध्यावर भोक पाडलं आणि दांडा आत पाव वळसा फिरवला. पाव वळसा! अर्धा नाही. मग गोड सॉसची बाटली घेतली, तोंडावर अंगठा अर्धवट दाबून धरला आणि भोकात तीन थेंब सोडले. वर जखमेवर पट्टी लावावी तसा कागद परत डकवला, पाव सुलटा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि त्याचे ओठ हलू लागले. तो मोजत होता. जुनचेही ओठ हलू लागले. सात, आठ, नऊ. अकरावर दोघांनी एकदमच मान वर केली, आणि जुन घाईघाईने वाडग्यात बघू लागला, चोरी त्यानेच केल्यासारखा.

हा प्रकार जुनच्या बाबांनी शोधून काढला होता. एल्पिदियो बुएनकामिनो, टाइपरायटर दुरुस्त करणारे. मनिलाच्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांमधली यंत्रं त्यांच्या हाताखालून जायची, आणि त्यांची श्रद्धा अशी की तेल वरून ओतणारा माणूस हा मेकॅनिक नव्हे, तो स्वयंपाकी. तेल आतल्या सांध्यात पोचलं पाहिजे, तेही तीन थेंब, आणि मग यंत्राला मुरायला वेळ दिला पाहिजे. हेच तत्त्व त्यांनी सियोपावला लावलं. सॉस पावाच्या डोक्यावर ओतणाऱ्यांकडे ते अशा नजरेने बघायचे की ती माणसं नॅपकिन शोधायला लागायची. दर शनिवारी दुपारी ते जुनला इथे आणत. जुन सहा वर्षांचा होता तेव्हापासून ते तो पस्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, ढाली आणि करंडकांवर नावं कोरणारा कारागीर झाला तरी. "अकरा का मोजायचे, बाबा?" त्याने लहानपणी एकदा विचारलं होतं. "दहा अंक सगळेच मोजतात," बाबा म्हणाले होते. या उत्तराचा अर्थ त्याला अजून लागला नव्हता, पण ते त्याने इतक्या वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायको त्याच्या या खाण्याला 'ऑपरेशन' म्हणायची. मुलांनी शिकायला साफ नकार दिला होता. तेव्हा बाबा गेल्यावर ही विद्या त्याच्यापाशीच संपणार, हे त्याने मनोमन मान्य करून टाकलं होतं. एखाद्या घराण्याचा शेवटचा राजा मान्य करतो तसं. आणि आता समोर एक दुसराच राजा बसला होता, गळ्यात शिट्टी घालून.

हो, शिट्टी. जाड्याच्या गळ्यात लाल दोरीला बांधलेली शिट्टी होती आणि ती मधूनमधून सूपमध्ये बुडू पाहत होती. योगायोग असेल, जुनने स्वतःला बजावलं. बाबांनी कुणा सहकाऱ्याला शिकवलं असेल, त्याने मुलाला. किंवा हा माणूस कित्येक वर्षं आपल्यालाच बघत असेल आणि बघून बघून शिकला असेल. हा विचार त्याला सुखावून गेला. पण बघून शिकलेला माणूस पाव वळसा कसा शिकेल? तो पावाच्या आत घडतो, बाहेरून दिसत नाही. एवढ्यात जाड्याने घाम पुसायला मान वळवली आणि त्याचा कान दिसला. पाळी नसलेला कान, गालाला सरळ चिकटलेला, गोंदाने लावल्यासारखा. जुनने हळूच मान फिरवली. गल्ल्यामागे, लाल दिवा लावलेल्या देव्हाऱ्याशेजारी, उद्घाटनाच्या वेळी कुणीतरी भेट दिलेला मोठा आरसा होता; त्यावर सोनेरी चिनी अक्षरं होती, आणि त्या अक्षरांच्या फटीतून त्याने आपला कान बघायचा प्रयत्न केला. गल्ल्यावरच्या मालकाला वाटलं गिऱ्हाइकाला काही हवंय. त्याने भुवया उंचावल्या. जुनने कान खाजवून वेळ मारून नेली.

"सूप घालू अजून?" मानांग इस्का किटली घेऊन उभी होती. मानांग म्हणजे ताई; इथे सगळ्यांना वाढणारी ही ताई सत्तरीची, काटकुळी, केसांना जाळी. जुन सहा वर्षांचा असताना तिने त्याच्या गळ्यात रुमाल बांधला होता आणि अजूनही तिची तीच नजर होती.

"मानांग, तो कोण?"

"कोण?"

जुनने ओठांचा चंबू करून भिंतीकडे दाखवलं. मानांग इस्काने तिकडे बघितलंच नाही, आणि न बघताच म्हणाली, "गिऱ्हाईक."

"ते मला दिसतंय. रोजचं?"

"रोजचं कसलं. गुरुवारचं." हे तोंडातून निसटलं आणि तिने किटली जरा जास्तच कलंडली, सूप टेबलावर आलं. "परवा मालकाच्या नातीचं लग्न होतं ना, बंद होतं आपलं. म्हणून आज आलाय बिचारा. तू जेव."

"बिचारा का?"

"सगळीच बिचारी असतात."

"त्याच्या वाडग्यात दोन अंडी आहेत, मानांग."

"असतील."

"मला अठ्ठेचाळीस वर्षांत कधी दुसरं अंडं दिलं नाहीस तू."

"तुझं पोट भरलेलं असायचं," असं म्हणून ती किटली घेऊन इतक्या झपाट्याने स्वयंपाकघरात गेली की दाराचा पडदा तिच्यामागे बराच वेळ हलत राहिला.

गुरुवार. हा शब्द जुनच्या आत जाऊन बसला आणि मुरू लागला. गुरुवारी बाबा घरी नसत. गुरुवारी सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन निघत, शेजारच्या प्रांतातल्या सरकारी कचेरीची यंत्रं बघायला, आणि शुक्रवारी दुपारी परत येत. पावसाळ्यात, निवडणुकीत, वादळात रस्ते वाहून गेले तरी जात. लहानपणी जुनला वाटायचं त्या प्रांतातले लोक फार टाइप करत असले पाहिजेत. गंमत म्हणजे गुरुवार हा आईचाही आवडता दिवस. गुरुवारी ती केस धुवायची, बाबांना ज्याचा वास सहन होत नसे ते खारे मासे तळायची, मावशीला बोलावून घ्यायची, आणि दोघी पंख्यासमोर केस सोडून बसून इतक्या हसायच्या की एकदा खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं होतं. तिला माहीत होतं का? की तिला फक्त खारे मासे हवे होते? तिला जाऊन चार वर्षं झाली होती, बाबांच्या शेजारीच तिची जागा होती, आणि दगडावरचं 'प्रिय पती' जुनने स्वतःच्या हाताने कोरलं होतं. 'प' कोरताना हात जरा हलला होता. त्याला तेव्हा ते शोकामुळे वाटलं होतं.

आता काय करायचं? उठून निघून जायचं हा एक मार्ग होता, आणि तो चांगला होता. पुढच्या आठवड्यात तो माणूस गुरुवारी येईल, शनिवारी आपण येऊ, जग परत आपापल्या वारांना लागेल. जुन खरोखर उठलासुद्धा. त्याने एका हातात वाडगा घेतला, दुसऱ्या हातात सियोपावची बशी, आणि दाराकडे जायचं सोडून त्याचे पाय भिंतीकडे गेले. नंतर त्याने बायकोला सांगताना "मी ठरवलं" असं सांगितलं, पण ते खरं नव्हतं. वाडगा घेऊन कुणी दाराबाहेर जात नाही, एवढंच त्याच्या पायांना कळलं असावं.

"बसू का इथे? तिकडे पंख्याचा वारा फार लागतोय."

जाड्याने भुवया उंचावून होकार दिला आणि शिट्टी शर्टाच्या आत सारली. जुन बसला. मग त्याने आपला सियोपाव उचलला आणि उताणा केला. कागद सोलला, वाडग्याच्या काठाला लावला. चमच्याचा दांडा. भोक. पाव वळसा. समोरचं चावणं थांबलं. बाटली. अंगठा. एक, दोन, तीन थेंब. कागद परत. पाव सुलटा. जुनने हात मांडीवर ठेवले आणि मोजू लागला. या वेळी त्याने मान खाली घातली होती, कारण वर बघायची हिंमत नव्हती. समोरून हळू आवाजात, त्याच्याच तालावर ऐकू येऊ लागलं: "…आठ, नऊ, दहा, अकरा."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" जाड्याने विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण एका गालात अजून घास होता.

"माझ्या बाबांनी."

"मलाही माझ्या बाबांनी."

"माझे बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे."

"हां." जाड्याचे खांदे उतरले, ती सुटका होती की निराशा, ते जुनला कळलं नाही. "मग नाही. माझे बाबा दीपगृहांवर असायचे. दिवे बघायचे. समुद्रात, बेटांवर. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, गुरुवारी."

"हातात काळी पेटी?"

"…पत्र्याची. एका बाजूची कडी तुटलेली, दोरीने बांधलेली."

"पिवळी दोरी," जुन म्हणाला.

शेवया फुगत होत्या.

"माझं नाव एल्पिदियो बुएनकामिनो," जाड्या शेवटी म्हणाला, शाळेत हजेरी देतात तसं. "ज्युनियर. घरी जुन म्हणतात."

खरं तर या क्षणी जुनला राग यायला हवा होता, आणि तो रागाची वाटही बघत होता. पण त्याआधी त्याच्या डोक्यात एक स्वच्छ, यांत्रिक कौतुक उभं राहिलं. दोन्ही पोरांची नावं एकच! म्हणजे झोपेत बोलले तरी पकडले जायला नकोत. दोन्ही घरांतल्या बायकांना ते 'लाडके' म्हणत असणार. आईला त्यांनी नावाने हाक मारलेली त्याने कधी ऐकली नव्हती. सगळे सांधे कसे तेल घातलेले. एवढा मोठा बेत एका टाइपरायटरवाल्याने तीस-पस्तीस वर्षं एकट्याने चालवला आणि एक अक्षर अडकलं नाही! मग राग आला, पण उशिरा, आणि वेगळ्याच वाटेने. "अकरा का मोजायचे?" त्याने एकदम विचारलं. "त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"दहा तर सगळेच मोजतात," जाड्या म्हणाला.

हे मात्र जुनला फार लागलं. नाव एक असू दे, पेटी एक असू दे. पण हे वाक्य तो लहानपणापासून एकटाच सांभाळत होता.

"माझंही नाव तेच आहे," तो कोरडेपणाने म्हणाला. "तीन मार्चचा जन्म."

"चौदा मार्च," जाड्या म्हणाला. मग वर्ष सांगितलं. वर्ष तेच निघालं. अकरा दिवस. जुनच्या डोळ्यांपुढे बाबा आले, छत्तिशीतले, पत्र्याची पेटी घेऊन एका सूतिकागृहातून दुसऱ्या सूतिकागृहाकडे पळणारे, दोन्ही ठिकाणी "किती गोड, अगदी माझ्यावर गेलाय" असं म्हणणारे, आणि मध्येच कुठेतरी रस्त्यात थांबून घाम पुसणारे. त्याच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. जाड्याने त्याच्यापुढे पाणी सरकवलं.

"म्हणजे तुम्ही थोरले," तो म्हणाला. "कुया."

कुया म्हणजे दादा. बाजारात भाजीवालासुद्धा जुनला कुया म्हणायचा, बसमधले कंडक्टर म्हणायचे. पण जुन एकुलता एक होता, आणि हक्क असलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द त्याने आजवर ऐकला नव्हता. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने सॉसची बाटली उचलून दुसरीकडे ठेवली.

"मी शाळेत कवायत शिकवतो," गुरुवारचा जुन म्हणाला. आपल्या पोटाकडे जुनची नजर गेलेली बघून त्याने घाईने पुढे जोडलं, "शिट्टी वाजवतो. धावायचं काम मुलांचं." मग तो टेबलावर पुढे झुकला आणि आवाज अगदी सहज ठेवून, पण चमचा घट्ट धरून त्याने विचारलं, "कुया, ते आता कुठे राहतात? तुमच्याकडे?"

जुनला प्रश्नच कळला नाही. "कोण?"

"बाबा. मी काही गोंधळ घालणार नाही. मला नुसतं विचारायचंय की आम्ही काय केलं होतं. एका गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. मी दीपगृहांच्या कचेरीत तीन पत्रं घातली. असा माणूस आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं. मग मी दर गुरुवारी इथे एकटाच यायला लागलो. म्हटलं, आम्हाला सोडलं तरी हा सियोपाव सोडून किती दिवस राहतील?"

पडद्याआड मानांग इस्काचे पाय दिसत होते. जुनच्या आता ध्यानात आलं ते दुसरं अंडं. एकोणीस वर्षं हा माणूस दाराकडे बघत जेवत होता, आणि आपण दर शनिवारी दाराकडे पाठ करून. त्याच्या मनात नाना वाक्यं तयार झाली, करंडकांवर कोरतात तशी, सजवलेली आणि पोकळ. शेवटी तो म्हणाला, "अहो, ते वारले."

"वारले?"

"एकोणीस वर्षं झाली. ऑगस्टात."

"कुठल्या ऑगस्टात? तारीख?"

जुनने तारीख सांगितली. गुरुवारच्या जुनने बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू असा प्रकाश पसरू लागला की जुन घाबरून मागे सरकला. "नक्की वारले? तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी खांदा दिला. दगड मी कोरलाय."

"म्हणजे आम्हाला सोडून नाही गेले!" त्याने टेबलावर मूठ आपटली, सगळे वाडगे उडाले. "मेले होते! देवा, तुझे उपकार! मानांग, ऐकलंस का? बाबा मेले होते!" आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. एका बाईने छातीवर क्रूस काढला, पण त्याच्या आनंदी तोंडाकडे बघून तिचा हात अर्ध्यावर थांबला. मानांग इस्का पडद्याआडून धावत आली.

"तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "अरे, दोघंही एकाच वेळेपासून एकटे यायला लागलात. मला वाटलं दोघांनाही ठाऊक आहे, आणि भांडण झालंय म्हणून अजूनही वेगवेगळ्या वारी येता! गिऱ्हाईक एकटं यायला लागलं की आम्ही विचारत नाही रे. विचारायचं नसतं." आणि ती त्याला, मग जुनला, मग परत त्याला किटलीनेच ढोसायला लागली, "गाढवांनो, बोलायचं नाही का एकमेकांशी!" गुरुवारचा जुन हसता हसता वाडग्यात वाकला आणि मग बराच वेळ वर आला नाही. त्याची पाठ हलत होती. सांत्वन करावं की अभिनंदन, ते जुनला ठरवता येईना. त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोन्हींना चालेल अशा रीतीने थोपटलं.

"आईला सांगायला चला," डोळे पुसत तो म्हणाला. "माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. मी तिला याआधी तीनदा सांगितलंय. एकदा म्हटलं त्यांची स्मृती गेली. एकदा चाच्यांनी धरून नेलं. एकदा बोट बोर्निओला लागली म्हणून सांगितलं, तर म्हणाली, मग तिथे पोस्ट नाही का?"

तीनचाकी सायकलरिक्षात दोघं दाटीवाटीने बसले होते. गुरुवारच्या जुनने दोन तृतीयांश जागा घेतली होती आणि मांडीवर घरासाठी घेतलेल्या सियोपावचा डबा धरला होता. जुन उरलेल्या जागेत तिरका बसून, आपण आईशी बेइमानी करतोय का, याचा विचार करत होता. आईला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती? कदाचित, "मग? तिकडे खाऊ घालतात का नीट?" कदाचित काहीच नाही, नुसता केसांतला पाण्याचा ओघळ पुसत राहिली असती. त्याला वाटलं, आपण ज्या माणसाच्या शेजारी एकोणतीस वर्षं शनिवारी बसलो, त्याच्याविषयी आपल्याला सातातला एक दिवस माहीतच नव्हता, आणि त्या दिवसाचा आपण नुसता अंदाज बांधला होता. गल्ल्या अरुंद होत गेल्या. दोऱ्यांवर वाळणारे कपडे रिक्षाच्या टपाला घासून मागे जात होते. "त्यांना मामीत लिंबू लागायचं का तुमच्याकडे?" शेजारून प्रश्न आला. "दोन," जुन म्हणाला. "आमच्याकडे एकच," तो म्हणाला. आणि जुनला आपण त्याचं एक लिंबू घेतल्यासारखं वाटलं.

गुरुवारच्या जुनची आई, देमेत्रियाबाई, खिडकीशी बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, लहानखुऱ्या, पण हनुवटी अशी पुढे काढलेली की समोरच्याने आधीच माफी मागावी. जुनच्या हातांनी त्याला न विचारताच रीत केली: त्याने वाकून त्यांचा हात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. हात तांदळाच्या पिठाने कोरडा झाला होता.

"हा कोण?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आई, हा जुन."

"जुन तर तू."

"हाही जुनच आहे, आई."

बाईंनी जुनच्या तोंडाकडे पाहिलं, मग सरळ कानाकडे, आणि तिथे त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बस," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं एक दिवस कुणीतरी येईल. दीपगृहावरच्या माणसाच्या शर्टांना इतकी चांगली इस्त्री कोण करतं? मासे?"

जुनला दोन माणसांची बाजू एकदम घ्यावीशी वाटली. "आईच करायची," तो म्हणाला.

"छान करायची. कॉलर विशेष." त्यांनी हनुवटी आणखी वर केली. "मला सात मागायचे नव्हते रे. एक दिवस माझा होता, तेवढ्यात माझं भागत होतं. तोही न सांगता बंद केला, एवढाच माझा राग. निरोप द्यायचा. माणूस दूधवाल्यालासुद्धा सांगतो."

"आई, ते वारले," धाकटा जुन म्हणाला. "त्याच ऑगस्टात. याने स्वतः खांदा दिलाय. या वेळी खरं आहे."

बाईंनी जुनकडे पाहिलं. जुनने मान हलवली.

"काय करत होता?"

"बुटांना पॉलिश करत होते. एक झाला होता. दुसरा हातात होता, तसेच खुर्चीत…" हे त्याने आजवर कुणाला नीट सांगितलं नव्हतं. बाबा त्या बुटांना इतका वेळ का घासतात, असं त्याने त्या संध्याकाळी दारातून विचारलंही होतं, आणि त्यांनी नुसतं हसून ब्रशवर थुंकी लावली होती.

"वार कुठला?"

"बुधवार."

बाईंच्या ओठांची हालचाल झाली, जणू त्या बुधवारनंतर काय येतं ते पहिल्यांदाच मोजून बघत होत्या. मग त्यांची हनुवटी, एकोणीस वर्षं वर धरून ठेवलेली, हळूहळू खाली आली, आणि त्या रुमालाने नव्हे, पिठाच्या हातानेच डोळे पुसू लागल्या. गालांवर पांढरे पट्टे उठले. "म्हणजे निघाला होता," त्या म्हणाल्या. "निघालाच होता की मेला." मुलगा पाणी आणायला धावला, पण त्या खुर्चीचा हात धरून उठल्या, खिडकीपाशी गेल्या, झडप धाडकन उघडली आणि गल्लीपलीकडे, या वयात कुठून आला कोण जाणे अशा खणखणीत आवाजात हाक मारली:

"बासिंग! ए बासिंग! बाहेर ये आधी!"

समोरच्या खिडकीत कुरळे केस गुंडाळलेली एक म्हातारी उगवली. "काय गं, आग लागली काय?"

"माझा नवरा मेला!"

"कोण? तो पळालेला?"

"पळालेला नाही! मेलेला! विधवा आहे मी, विधवा! एकोणीस वर्षं तू मला या गल्लीत काय काय म्हणालीस, आठव!"

म्हातारीने दोन्ही हात गालांना लावले. "अगंबाई! आणि मी नाताळातसुद्धा बोलले होते गं तुला! कधी गेला?"

"ते मग सांगते. आज संध्याकाळपासून नऊ दिवस प्रार्थना आहे. तू पहिल्या रांगेत बसायचंस. आणि येताना खुर्च्या आण, आमच्याकडे पुरायच्या नाहीत. थोरला मुलगाही आलाय."

जुनने दाराकडे वळून पाहिलं, कोण आलंय ते बघायला.